पुनर्विकासाची कंपनी काढायची आहे? आधी जमिनीचे कागद काढा

महापालिकेत, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणात किंवा एखाद्या सल्लागार संस्थेत तुम्ही नव्याने रुजू झालात आणि महिन्याभरातच टेबलावर फाईल येऊन पडली. विषय : अमुक वस्तीचा पुनर्विकास सरकारी-खासगी भागीदारीतून करण्यासाठी विशेष हेतू कंपनी, म्हणजे एसपीव्ही, स्थापन करणेबाबत. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा कंपनीचं नाव शोधायला लागतात. एका ठिकाणी तर जमिनीची मोजणी व्हायच्या आधी लोगो छापून आलेला मी पाहिला आहे.

कंपनी नोंदवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. कागद तयार असतील तर चांगला कंपनी सेक्रेटरी पंधरवड्यात ते उरकतो. खरा वेळ जातो तो त्याच्या आधीच्या गोष्टींत. धारावीच्या पुनर्विकास योजनेला राज्य सरकारने २००४ मध्ये मान्यता दिली आणि भागीदारीतली कंपनी प्रत्यक्षात आली २०२३ मध्ये. मधली एकोणीस वर्षं कुठे गेली, ते नीट पाहिलं तर या विषयातलं निम्मं शिक्षण होतं. म्हणून उदाहरण मुख्यतः धारावीचंच घेतो. तो प्रकल्प चांगला की वाईट, हा वाद इथे नको. आपल्याला त्याची जोडणी कशी आहे ते बघायचं आहे.

पहिली पायरी : कंपनी हवीच का?

हा प्रश्न फाईलवर कोणी लिहीत नाही, कारण वरून आदेश 'कंपनी स्थापन करा' असाच आलेला असतो. तरी तुम्ही विचारा. जमीन एकाच सरकारी मालकाची असेल आणि काम मुख्यतः बांधकामाचं असेल, तर कंपनीशिवाय भागतं. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा स्वतः करते आहे. बांधायला मोठे कंत्राटदार नेमले आहेत, भागीदारीची कंपनी नाही. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये दिला गेला.

कंपनीला अर्थ येतो तो तीन गोष्टी एकत्र आल्यावर. काम दहा-पंधरा वर्षं चालणारं हवं. एका टप्प्यातल्या विक्रीचा पैसा दुसऱ्या टप्प्यात फिरवावा लागत असेल. आणि भाव वाढले तर त्या नफ्यात सरकारलाही वाटा हवा असेल. धारावीत हे तिन्ही आहे, शिवाय सुमारे ६०० एकर, महापालिका, राज्य सरकार, रेल्वे आणि खासगी मालक अशी सरमिसळ, आणि सतरा वर्षांचा आराखडा.

तिसराही एक रस्ता आहे, आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने जुन्या बंदराच्या १५७ हेक्टरवर 'हाफेनसिटी' उभारताना जी कंपनी काढली ती शंभर टक्के शहराच्या मालकीची. खासगी गुंतवणूकदार कंपनीत भागधारक नाहीत. ते एकेक भूखंड घेतात. त्यांनी जमिनीचं काय केलं ते पुढच्या पायरीत सांगतो, कारण ते खरंच शिकण्यासारखं आहे.

दुसरी पायरी : जमीन

इथे घाई कराल तर पुढची पाच वर्षं वकिलांना द्याल. धारावीची २०१८ ची निविदा आठवा. जानेवारी २०१९ मध्ये बोली उघडल्या तेव्हा सेकलिंक या कंपनीची ७,२०० कोटींची बोली सगळ्यात मोठी होती, अदानींची ४,५३९ कोटींची. त्यानंतर माहीम-माटुंग्याजवळची रेल्वेची सुमारे ४५ एकर जमीन प्रकल्पात घ्यायचं ठरलं. बोली भरताना जे नव्हतं ते नंतर आत आलं. मग निविदेच्या अटी बदलल्या का, असा प्रश्न उभा राहिला आणि २०२० च्या शेवटी सरकारने ती निविदाच रद्द केली. सेकलिंक उच्च न्यायालयात गेली. तिची याचिका फेटाळली गेली ती डिसेंबर २०२४ मध्ये. निर्णय सरकारच्या बाजूने लागला खरा, पण तोवर बोली उघडून जवळजवळ सहा वर्षं उलटली होती.

तेव्हा निविदेच्या आधी पुढचे कागद हातात असू द्या : प्रत्येक भूखंडाचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, नगर भूमापनाची ताजी मोजणी, विकास आराखड्यातली आरक्षणं, आणि रेल्वे, संरक्षण, मिठागरं असा केंद्राचा काही तुकडा असेल तर त्याचा लेखी करार. 'तत्त्वतः मान्यता' या दोन शब्दांवर विसंबू नका. किनारा नियमन क्षेत्राची रेषा आणि विमानतळाची उंचीची मर्यादा आधीच तपासा. धारावी विमानतळाच्या इतकी जवळ आहे की कागदावर मिळालेला सगळा एफएसआय, म्हणजे भूखंडावर बांधायला मिळणारं क्षेत्र, आकाशात मावतोच असं नाही. मुंबईबाहेरच्या महापालिकेची जमीन असेल तर १९४९ च्या महापालिका अधिनियमातलं कलम ७९ वाचून घ्या. ती बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही, आणि 'कंपनीत आपलाच वाटा आहे' हे त्याला उत्तर होत नाही.

आता हॅम्बुर्ग. तिथे निवडलेल्या गुंतवणूकदाराला भूखंड लगेच विकत नाहीत. तो ठरावीक काळासाठी त्याच्या नावे राखून ठेवतात. त्या काळात त्याने वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, मातीची तपासणी करायची, बांधकाम परवानगी मिळवायची. जमीन नावावर होते ती त्यानंतर. तो रेंगाळला तर शहर भूखंड परत घेतं, आणि कोर्टकचेरी लागत नाही, कारण मालकी मुळात गेलेलीच नसते. आपल्याकडेही हे सहज बसवता येतं : कंपनीला सुरुवातीला फक्त बांधकामाचा परवाना, आणि विक्रीच्या भूखंडाचा भाडेपट्टा पुनर्वसनाच्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळेल त्या प्रमाणात. संपूर्ण करारात मला एकच कलम निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन.

तिसरी पायरी : माणसांची यादी

जमिनीवर किती कुटुंबं आहेत, हे नक्की माहीत नसताना केलेला सगळा हिशेब हवेतला. आणि 'किती कुटुंबं' हा आकडा सर्वेक्षणातून जितका येतो तितकाच पात्रतेच्या व्याख्येतून येतो. धारावीत १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या झोपडीधारकाला ३५० चौरस फुटांचं घर तिथेच आणि मोफत. २००० ते २०११ मधल्याला अडीच लाख भरून घर, पण धारावीबाहेर. त्यानंतरच्यांना आणि पोटमाळ्यावर, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना भाडेखरेदी पद्धतीने, तेही बाहेर. 'बाहेर' म्हणजे कुठे, हा लगेच पुढचा प्रश्न. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन त्यासाठी पुढे आली आणि मुलुंडकरांनी विरोध सुरू केला. म्हणजे यादीतली एक ओळ शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळते.

घरांपेक्षा अवघड असतात ते गाळे. कुंभारवाड्यातल्या कुटुंबाला भट्टी आणि अंगण लागतं. चामड्याच्या कारखान्यात खाली काम आणि वर कामगार झोपतात. तेरा कंपाउंडात प्लास्टिक वेचून, फोडून, धुऊन वाळवायला जागा लागते. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये 'निवासी' आणि 'व्यावसायिक' असे दोनच चौकोन असतील तर ही माणसं कुठल्याच चौकोनात बसत नाहीत. फॉर्म छापण्याआधी वस्तीत आठवडाभर फिरा.

दोन नियम पाळा. सर्वेक्षणाचा खर्च खासगी भागीदाराने केला तरी चालेल, पण परिशिष्ट-२ वर, म्हणजे पात्र-अपात्रतेच्या यादीवर, सही सरकारी सक्षम प्राधिकाऱ्याचीच हवी. जितके अपात्र जास्त तितकं मोफत बांधकाम कमी, हे गणित भागीदारालाही कळतं. दुसरं, यादी मराठी, हिंदी आणि वस्तीत जी भाषा बोलली जाते तिच्यात लावा. धारावीत तमिळ वगळून चालणार नाही.

लंडनचं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. हॅरिंगे कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, लेंडलीज या विकासकाबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीची, सुमारे दोन अब्ज पौंडांची योजना २०१७ मध्ये मंजूर केली. कागद उत्तम होते. पण आपली घरं पाडल्यावर परत यायला मिळेल का, याचं पटेल असं उत्तर रहिवाशांना मिळालं नाही. विरोध सत्ताधारी पक्षातच शिरला, कौन्सिलच्या नेत्या पायउतार झाल्या आणि २०१८ मध्ये नव्या कौन्सिलने योजना गुंडाळली.

चौथी पायरी : पाठीमागच्या पानावरचा हिशेब

सल्लागार पन्नास पानी एक्सेल देतील. त्याआधी स्वतः एका पानावर मांडा. पुढचे आकडे निव्वळ समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा १,००० कुटुंबं. प्रत्येकी ३५० चौरस फूट म्हणजे साडेतीन लाख चौरस फूट चटई क्षेत्र, म्हणजे घरातली वापरायची जागा. जिने, भिंती, लिफ्ट धरून दीडपट केलं तर सव्वापाच लाख. चार हजार रुपये फुटाने २१० कोटी. घर होईपर्यंत प्रत्येक कुटुंबाला महिना १५,००० भाडं, म्हणजे वर्षाला १८ कोटी, तीन वर्षांचे ५४. एकूण २६४ कोटी, व्याज अजून धरलेलं नाही. आता विक्रीच्या फ्लॅटला २०,००० भाव मिळतो आणि सगळा खर्च वजा जाता फुटामागे १०,००० उरतात असं धरू. नुसती बरोबरी साधायला २.६४ लाख फूट विकावे लागतील.

भाव दहा टक्क्यांनी पडला तर? फुटामागे १०,००० ऐवजी ८,००० उरतात, आणि विकायचं क्षेत्र ३.३० लाखांवर जातं. भाव घसरला दहा टक्के, क्षेत्र वाढलं पंचवीस टक्के. मग कोणीतरी जादा एफएसआय मागायला येतो, मंत्रालयात फाईल फिरते, आणि तोवर भाड्याचं मीटर महिन्याला दीड कोटीने चालूच असतं. भाडी थकायला लागली की समजायचं, हिशेब कुठेतरी बसलेला नाही.

टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, हा या हिशेबातला हुकमाचा पत्ता. जागेवर न वापरता येणारा एफएसआय बाहेर विकता येतो. धारावीसाठी २०२३ मध्ये अशी तरतूद आली की मुंबईत टीडीआर वापरणाऱ्या विकासकांनी पहिला ४० टक्के धारावीचा घ्यायचा. प्रकल्पाला यातून मोठा आधार मिळतो, मात्र त्याचा भार शहरभरच्या घरांच्या किमतीत कुठेतरी उतरतोच. टिपणीत दोन्ही बाजू लिहा.

पाचवी पायरी : हिस्सा किती, आणि हातात काय

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. धारावीच्या कंपनीत अदानी समूह ८० टक्के आणि राज्य सरकार २० टक्के. भांडवल अनुक्रमे ४०० आणि १०० कोटी. 'सरकारचा वाटा आहे, म्हणजे सरकारचं नियंत्रण आहे' असं सभागृहात ठणकावून सांगितलं जातं. कंपनी कायदा २०१३ काय म्हणतो ते बघा.

मोठ्या निर्णयांसाठीच्या विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त मतं असलेला भागधारक तो अडवू शकतो. २० टक्केवाला अडवू शकत नाही. नियमावली, म्हणजे कंपनीच्या कारभाराचे नियम (आर्टिकल्स), बदलायलाही विशेष ठरावच लागतो. तुमच्या वस्तीसाठी टक्केवारीवर वाटाघाटी चालू असतील आणि समोरचा हसत हसत '२४ घ्या' म्हणत असेल, तर तो का हसतोय ते यातून कळेल. २६ मागा.

२६ मिळत नसतील तर कलम ५ चा आधार घ्या. त्यात काही तरतुदी बदलायला अधिक कडक अट घालून त्या नियमावलीत पक्क्या रोवून ठेवायची सोय आहे. कंपनी स्थापन होतानाच हे केलं तर सोपं. खासगी कंपनीत नंतर करायचं तर सगळ्या भागधारकांची संमती लागते. रोवून ठेवायच्या गोष्टी साधारण अशा : कंपनीचा उद्देश बदलणं, जमीन वा भाडेपट्टा तारण ठेवणं, ठरावीक रकमेपुढचं कर्ज, भागीदाराच्याच समूहातल्या कंपनीला कंत्राट, शेअर्सची विक्री, आणि टप्प्यांचा क्रम. शेवटची बाब लोक विसरतात. विक्रीच्या इमारती आधी आणि पुनर्वसनाच्या मागाहून, हा बदल संचालक मंडळाच्या एका साध्या ठरावाने होऊ शकतो.

हे सगळं भागधारक करारात लिहिलंय, असं वकील सांगतील. तेवढ्यावर थांबू नका. शेअर हस्तांतरणावरचं बंधन नियमावलीत नसेल तर ते कंपनीला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रंगराज खटल्यात सांगितलेलं आहे. कराराचं प्रत्येक महत्त्वाचं कलम नियमावलीत उतरलं आहे ना, हे बोट ठेवून तपासा.

सरकारचा वाटा ५१ टक्क्यांखाली गेला की ती कायद्याच्या व्याख्येत 'सरकारी कंपनी' राहत नाही. कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, लेखापरीक्षक नेमणं, माहितीचा अधिकार लागू असणं, हे मग आपोआप येत नाही. वाद घालत बसावं लागतं. त्यामुळे 'कंपनी माहिती अधिकाराला बांधील राहील, कॅगला हिशेब खुले राहतील' अशी दोन वाक्यं निविदेतच टाका. नंतर ती कोणी टाकू देत नाही.

निम्मी-निम्मी भागीदारी दिसायला न्याय्य, पण तिच्यात कोंडी होते. कोंडी फोडण्याचं एक कलम हमखास सुचवलं जातं : एकाने भाव सांगायचा, दुसऱ्याने त्या भावाला विकायचं किंवा घ्यायचं. महापालिकेने यावर कधीही सही करू नये. विकत घ्यायला तिच्याकडे रोकड नसते आणि स्थायी समितीची मंजुरी यायला तीन महिने लागतात. समोरच्याला हे ठाऊक असतं.

सहावी पायरी : निविदा

बोली कशावर मागायची, हा खरा प्रश्न. २०२२ मध्ये धारावीसाठी किमान १,६०० कोटींच्या गुंतवणुकीवर बोली मागवल्या. अदानींची ५,०६९ कोटींची आली, डीएलएफची २,०२५ कोटींची. आकडा मोठा दिसतो आणि बातमीला बरा असतो. पण प्राथमिक गुंतवणूक म्हणजे घरांची हमी नव्हे. माझं मत विचाराल तर गुंतवणुकीची किमान रक्कम अट म्हणून ठेवावी आणि चढाओढ दुसऱ्या गोष्टीवर लावावी : मोफत घराचं क्षेत्रफळ, किंवा सरकारला मिळणारा विक्रीतला टक्का, किंवा पुनर्वसन पुरं करायची मुदत. निकष एकच ठेवा. तीन ठेवलेत की गुणांकन आलं, आणि गुणांकन आलं की याचिका आली.

सातवी पायरी : नोंदणी

आता कुठे कंपनी. दोन भागधारक, किमान दोन संचालक, डिजिटल सह्या, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर नोंदणीचा स्पाइस प्लस फॉर्म; नाव, पॅन, टॅन त्यातच होतं. तीस दिवसांत पहिली संचालक सभा. भांडवल खात्यात आल्याचं घोषणापत्र १८० दिवसांत भरायचं, त्याआधी कामकाज सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. सरकारी हिश्श्याची रक्कम अर्थसंकल्पात बसवून ठेवली नसेल तर इथेच अडकायला होतं.

नावाचं म्हणाल तर धारावीच्या कंपनीचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये 'नवभारत मेगा डेव्हलपर्स' झालं, आणि नावातून धारावीच गेली म्हणून धारावीकरांनी नाराजी दाखवली. वस्तीचं नाव ठेवायला पैसे पडत नाहीत.

आठवी पायरी : खाती आणि खुर्च्या

विक्रीचा पैसा एस्क्रो खात्यातच, म्हणजे ठरलेल्या अटींवरच पैसे सोडणाऱ्या खात्यात, यावा आणि तिथून बाहेर पडायचा क्रम करारात लिहिलेला असावा : आधी रहिवाशांचं भाडं, मग पुनर्वसनाचं बांधकाम, मग बँक, मग बाकीचे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, नियमाने विक्री प्रकल्पातल्या वसुलीचे ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, पण ते फ्लॅट घेणाऱ्यांचं संरक्षण आहे. झोपडी सोडून भाड्याच्या खोलीत गेलेल्या बाईसाठी वेगळी सोय लागते. वर्षभराचं भाडं आगाऊ जमा असल्याशिवाय एकही झोपडी पाडायची नाही, अशी अट घाला.

संचालक मंडळावर सरकारी माणूस पदनामाने न नेमता किमान तीन वर्षांसाठी नेमता आला तर बघा. एका कंपनीत मी वर्षभरात तीन सरकारी संचालक बदललेले पाहिले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'जरा थोडक्यात सांगा' हा असायचा, आणि थोडक्यात सांगणारा नेहमी समोरच्या बाजूचा. त्यात कंपनी कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे संचालकाचं कर्तव्य कंपनीशी असतं, त्याला नेमणाऱ्या खात्याशी नव्हे. त्यामुळे सरकारचं हित फक्त नामनिर्देशित संचालकाच्या भरवशावर सोडू नका. भागीदार म्हणून सही करणारा, परवानगी देणारा आणि दंड करणारा अधिकारी एकच नसावा. तसंच सभागृहाला दर सहा महिन्यांनी अहवाल जाईल हे लिहून ठेवा. स्मार्ट सिटीच्या कंपन्या निघाल्या तेव्हा नगरसेवकांची मुख्य तक्रार हीच होती, की निर्णय सभागृहातून उठून कंपनीत गेले. त्या कंपन्यांत राज्य आणि महापालिकेचा वाटा समान होता, तरी ही तक्रार झाली.

शेवटचं कलम कंपनी बंद करण्याचं. रस्ते, गटारं, उद्यानं महापालिकेकडे कोणत्या तारखेला आणि कोणत्या अवस्थेत येतील. न विकलेले फ्लॅट कोणाचे. आणि पुनर्वसनाच्या बावीस मजली इमारतीतली लिफ्ट पहिल्यांदा बंद पडेल तेव्हा दुरुस्तीचं बिल कोणाकडे जाईल. देखभालीचा निधी सोसायटीच्या नावे आधीच जमा करून घ्या, कारण तोवर खासगी भागीदार पुढच्या प्रकल्पाच्या निविदेत गुंतलेला असतो आणि तुमची बदली झालेली असते.